रक्ताची सावड

त्या वर्षी आमच्या गल्लीत सगळ्यांनाच खाज सुटली होती. दुष्काळाचं लागोपाठ दुसरं वर्ष. नळाला पाणी आठवड्यातून एकदा, तेही आलं तर. बाकीचे दिवस टँकर. हे पाणी कुठून आणता, असं विचारलं की टँकरवाला हनुवटीनं लांब कुठंतरी दाखवायचा आणि म्हणायचा, "वहाँ से." त्या 'वहाँ'मध्ये काय काय असेल याची आम्ही बायका फाटकाशी उभ्या राहून चर्चा करायचो आणि चर्चा करता करता दंड खाजवायचो.

तेव्हा शहराचं नाव औरंगाबाद होतं, आता छत्रपती संभाजीनगर आहे. गारखेडा तेव्हाही गारखेडाच होतं आणि आम्ही तेव्हाही तिथंच राहायचो. मी वाळूजच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळते. नट-बोल्टपासून हातमोज्यांपर्यंत काय आलं, काय गेलं, काय मागवायचं, हे माझं काम. त्याची सवय घरात येतेच. फ्रिजवर एक यादी, कपाटाच्या दाराला आतून एक, पर्समध्ये एक. नवरा म्हणतो, "लग्नात मला ताब्यात घेताना हिनं माझीही पोच दिली असणार, माल तपासून."

लासूर स्टेशनपासून थोडं आत आमचं गाव. तिथली विहीर त्या उन्हाळ्यात तळाला गेली. गुरं चारा छावणीत पाठवली आणि माझ्या सासूबाई आमच्याकडे आल्या. आमच्यात सासूला आत्याबाई म्हणतात. आत्याबाई रिक्षातून उतरल्या, पिशवी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "गुरं छावणीत अन म्या पोराच्या छावणीत. चारा कुठं बरा हाय, ते बघू आता."

दोन दिवसांत घरातलं पाणी त्यांनी माझ्याकडून काढून घेतलं. मी पाण्याचं वेळापत्रक केलं होतं, मला त्याचा अभिमानही होता. त्यांनी ते चष्मा लावून वाचून घेतलं आणि म्हणाल्या, "ह्यात लई पाणी सांडतंय." तांदळाचं धुवण कढीपत्त्याला. भाजी धुतलेलं पाणी फरशीला, फरशीचं संडासाला. अंघोळ करायची ती मोठ्या घमेल्यात उभं राहून, म्हणजे तेही पाणी हाती राहतं. पाहुणा आला तर त्याला अर्धाच पेला द्यायचा, लागलं तर पुन्हा द्यायचा. पेल्यात उरलेलं पाणी कुणी मोरीत ओतलं की त्या नुसत्या बघायच्या. बोलत नसत. त्या बघण्यानं माझा नवरा, जो आयुष्यभर अर्धा पेला टाकत आला होता, तळापर्यंत पाणी प्यायला शिकला.

आत्याबाईंचे गाल तेव्हा लालबुंद होते. उन्हात काम करणाऱ्या बाईचा रापलेला रंग असतो तसे नाहीत, आतून रंग भरल्यासारखे. समोरच्या काकू एकदा म्हणाल्या, "मावशी, दुष्काळात आम्ही सगळ्या वाळलो आणि तुम्ही तर सफरचंद झालात."

"व्हय ना," आत्याबाई म्हणाल्या. "दोन घासाच्या वर पोटात जात नाय, डोकं जड, अंघोळ केली की अंगावर मुंग्या सोडल्यागत व्हतंय. अन गाल बघा. सफरचंद!"

आम्ही हसलो. डॉक्टरला जे जे ऐकायचं असतं ते सगळं त्या एका वाक्यात होतं, पण फाटकाशी डॉक्टर नव्हता.

खाजेचं कारण तर ठरलेलंच होतं, टँकरचं पाणी. मी रीतसर मोहीम उघडली. पाण्यात तुरटी फिरवली. कडुनिंबाचा पाला उकळला. टँकरवाला बदलला, मग दुसराही बदलला. शेवटी बाटलीत नमुना घेऊन तपासायला दिला. अहवाल आला की पाणी जड आहे, बाकी काही दोष नाही. समोरच्या काकू म्हणाल्या, "त्या तपासणाऱ्याला घाला म्हणावं ह्या पाण्यानं अंघोळ." गल्लीतल्या बाकीच्यांना खाज दिवसभर, कुठंही, कधीही यायची. आत्याबाईंना ती फक्त गरम पाण्यानं अंघोळ केल्यावर यायची आणि मग तासभर त्या घरभर फिरायच्या, हात चोळत, पाय चोळत. हा फरक कुणाच्या ध्यानात आला नाही. एवढं सोपं कारण रोज दारात भोंगा वाजवत येत असताना दुसरं कोण शोधणार?

अशक्तपणाचंही कारण आम्हाला माहीत होतं. आमच्याकडे बाई दमली की एकच निदान होतं, 'रक्त कमी झालंय.' डॉक्टरकडे जायच्या आधी हे नणंद सांगते, जाऊ सांगते, किराणा दुकानदारही सांगतो. झालं. बीट, डाळिंब, खजूर, गूळ-शेंगदाणे आणि औषधाच्या दुकानातून लोहाची लाल बाटली. मी सकाळ-दुपार-संध्याकाळ लावून दिली. आत्याबाई डाळिंबाचे दाणे चिवडत बसायच्या. "एवढं लाल खाऊन म्या रंगपंचमीलाच जाणार," म्हणायच्या. पण खायच्या, कारण टाकायचं कसं?

पडेगावला आमचा एक प्लॉट आहे. दौलताबाद रस्त्याच्या त्या बाजूला तेव्हा नुसती चुन्याच्या रेघांची वसाहत होती. काल ज्वारी होती तिथं आज पांढऱ्या रेघा, उद्या पाटी. शहर त्या दिवसांत पाण्यावाचून तसंच वाढत होतं, कसं ते मला अजून कळलेलं नाही. एका रविवारी आम्ही आत्याबाईंना प्लॉट दाखवायला नेलं. त्यांनी वाकून माती उचलली, चोळली, म्हणाल्या, "हरभरा आला असता." मग पावलं टाकत प्लॉट मोजायला निघाल्या, आणि मध्येच डाव्या बरगडीखाली हात दाबून बसल्या.

"काय झालं?"

"काय नाय. इथं धोंडा ठेवल्यागत वाटतंय. कव्हाचा हाय तो. आज जरा हलला."

"कव्हाचा म्हणजे? सांगितलं नाहीत ते!"

"धोंडा काय सांगायची वस्तू हाय?"

दुसऱ्या दिवशी मी सुट्टी टाकून त्यांना गल्लीच्या तोंडावरच्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पोट दाबलं, पुन्हा दाबलं, डाव्या बाजूनं बेंबीपर्यंत बोटं नेली. म्हणाले, "प्लीहा खूप वाढलीय."

"पानथरी?" आत्याबाईंनी विचारलं. गावाकडे प्लीहेला पानथरी म्हणतात. "ती तर लहान लेकरांची वाढती. मला ह्या वयात काहून?"

"तेच बघायचंय," ते म्हणाले आणि सोनोग्राफीची चिठ्ठी दिली. सोनोग्राफीत यकृताकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेत जुनी गुठळी दिसली. तिथून आम्ही पोटविकाराच्या डॉक्टरांकडे पोचलो.

हे डॉक्टर मध्यमवयीन, शांत, हळू बोलणारे. त्यांनी कागद वाचले, खुर्ची थोडी पुढं ओढली आणि फारच अदबीनं विचारलं, "आजी, राग मानू नका. विचारावंच लागतं. कधी दारू वगैरे?"

मी आणि नवरा दोघंही खाली बघू लागलो. आत्याबाईंनी डॉक्टरांकडे एकटक पाहिलं.

"आत्ता पाजता का?"

"अं?"

"नाय, पाजणार असाल तर म्या बसते. नुसतं इचारायचं असंल तर नाय पीत म्हणून लिव्हा."

डॉक्टर हसले, इतके की त्यांना चष्मा काढावा लागला. आणि आत्याबाईंना तो प्रश्न एवढा आवडला, की पुढचे कित्येक दिवस त्यांनी तो गल्लीत सगळ्यांना सांगितला. "मला डाक्टर म्हणला, आजी, थोडी घेता का?" दर वेळी डॉक्टर जरा जास्त आग्रह करत गेले.

मग डॉक्टरांनी कागदावर चित्र काढलं. आतड्यांमधलं आणि प्लीहेमधलं सगळं रक्त एका मोठ्या शिरेतून यकृतात जातं. तिला पोर्टल व्हेन म्हणतात. आत्याबाईंच्या त्या शिरेत गुठळी बसलेली. रक्ताला पुढं जाता येत नाही, म्हणून मागं दाब वाढतो. दाब वाढला की प्लीहा फुगते, पोटाला टेकते, दोन घासांत पोट भरल्यासारखं वाटतं. आणि अडलेलं रक्त आडवाटा शोधतं. अन्ननलिकेच्या तळाशी बारीक शिरा असतात, त्यांतून घुसतं. त्या शिरा एवढं रक्त सोसायला बनलेल्या नसतात. त्या फुगतात. "आणि फुटल्या, तर रक्ताची उलटी. तिथं खरा धोका आहे," डॉक्टर म्हणाले.

आत्याबाईंनी चित्रावर बोट ठेवलं. "म्हंजे पाटात गाळ बसला. पाणी म्होरं जाईना, मग बांध जिथं कच्चा, तिथं फुटायचं."

"अगदी तसंच."

"मग गाळ कुठून आला?"

"चांगला प्रश्न आहे," ते म्हणाले आणि पुन्हा रक्ताचा अहवाल उचलला. यकृत तर मऊ होतं, निरोगी होतं. मग गुठळी का व्हावी? त्यांनी एका आकड्याभोवती गोल काढला आणि मला समजावलं. प्लीहा एवढी वाढली की ती रक्तातल्या प्लेटलेट स्वतःत अडवून ठेवते, तपासणीत त्या कमी दिसतात. आत्याबाईंच्या कमी नव्हत्या, जास्त होत्या. अडवून ठेवूनही जास्त. "म्हणजे जिथं तयार होतात तिथंच जरुरीपेक्षा फार तयार होतायत. हाडांच्या मज्जेत."

हे मला लगेच कळलं. गोदामात माल अडकलेला असूनही बाजारात माल जास्त दिसत असेल, तर कारखान्यात कुणीतरी यंत्र बंद करायचं विसरलंय.

आधी कच्च्या बांधाची सोय झाली. दुर्बीण घशातून घालून त्या फुगलेल्या शिरांना रबराचे बारीक छल्ले बसवले. फुटायच्या आधीच सापडल्या होत्या. आत्याबाईंनी विचारलं, "पोरींच्या वेणीला लावत्यात तसले रबर का?" दाब कमी करायची एक गोळी सुरू झाली. काही दिवस मऊ भात, पेज, गार वरण. त्यानंतर रक्तविकाराच्या डॉक्टर, वयानं तरुण, केस घट्ट बांधलेल्या, माझ्याच जातकुळीच्या. त्यांच्या टेबलावरही यादी होती. त्यांनी कंबरेच्या हाडातून मज्जेचा नमुना घेतला, रक्ताची एक तपासणी मुंबईला पाठवली. कंबरेतली सुई बघून आत्याबाई म्हणाल्या, "म्हशीला टोचत्यात ती सुई म्या बघितली हाय. ही तिची धाकटी भन."

निदान आलं. त्या आजाराला पॉलिसायथेमिया व्हेरा म्हणतात. मज्जा कारण नसताना रक्तपेशी बनवत सुटते. रक्त दाट होतं, दाट रक्त संथ वाहतं आणि नको तिथं गोठतं. आत्याबाईंच्या बाबतीत ते पोर्टल शिरेत गोठलं. अशा काही आजारांत मज्जा हळूहळू निबर होते, मग रक्त बनवायचं काम प्लीहा आणि यकृत करू लागतात, आणि गुठळीशिवायही तिथला दाब वाढतो, असंही डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. आमची गाडी अजून तिथवर गेली नव्हती.

"पण हिमोग्लोबिन तर थोडंसंच वाढलेलं आहे," मी अहवालावरून म्हणाले.

"प्लीहा फुगली की रक्तातलं पाणीही वाढतं, आकडा पातळ होऊन झाकला जातो. त्यामुळे हा आजार अशा पेशंटमध्ये लपून राहतो. अंघोळीनंतर खाज येते का हो आजी?"

आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी विचारलं, "म्हणजे टँकरचं पाणी...?"

"टँकरचा काही संबंध नाही. गालांची लाली, डोकं जड होणं, खाज, सगळं ह्याचंच. आणि लोहाचं औषध वगैरे काही चालू असेल तर आजच बंद करा."

मी पर्समधून यादी काढली आणि तुरटीपासून लोहाच्या बाटलीपर्यंत एका खाली एक सहा ओळी खोडल्या. शेजारून आवाज आला, "डाळिंब पण खोड."

उपचार असा. रोज एक कॅप्सूल, मज्जेला आवर घालायला. छल्ल्यांच्या जागा भरल्या की रक्त पातळ ठेवायचं औषध. आणि रक्त दाट आहे तोवर थोड्या थोड्या दिवसांनी एक पिशवी रक्त काढून टाकायचं. सगळ्यात लवकर फरक ह्या शेवटच्या उपायानं पडतो.

"काढून कुणाला द्यायचं?" आत्याबाईंनी विचारलं.

"कुणाला नाही, आजी. आजारी मज्जेचं रक्त आहे, रक्तपेढी ते घेत नाही. नियमाप्रमाणे नष्ट करतात."

"टाकून देता?"

"हो."

"मग नाय."

डॉक्टरीणबाईंना वाटलं, आजी सुईला घाबरल्या. त्यांनी धीर दिला. आत्याबाई म्हणाल्या, "सुईचं काय नाय. सुई मारा, धा मारा. पर टाकायचं असंल तर काढू नका. अंगातलं रक्त ते, असं मोरीत ओतत्यात का कुणी?"

"मोरीत नाही ओतत हो."

"कशातबी ओता. टाकायचंच ना?"

आम्ही तसेच घरी आलो. डॉक्टरीणबाईंनी मला दारात बाजूला घेऊन साफ सांगितलं होतं की फार थांबता येणार नाही. आणखी एखाद्या शिरेत गुठळी झाली, किंवा दाब वाढून दुसरीकडे शिरा फुगल्या, तर पुढं काय होईल ते सांगता येत नाही. मी हे सगळं संध्याकाळी जसंच्या तसं आत्याबाईंना सांगितलं. मला गोष्टी झाकून ठेवायला जमत नाही आणि त्यांनाही ते चाललं नसतं.

नवऱ्यानं आधी प्रयत्न केला. "आई, तुझा जीव मोठा का ती पिशवी?"

"जीव मोठाच हाय. म्हणून तर त्यातलं टाकू देत नाय."

"मग घरी आणू, कढीपत्त्याला घालू," तो वैतागून म्हणाला.

"आणता येतं का?" त्यांनी खरोखर आशेनं विचारलं. मी फोन करून विचारलं, तेही सांगते. आणता येत नाही.

मी मुद्दे काढून बसले. नखं आपण कापून टाकतो, केस टाकतो. "नखात जीव नसतो." शेतातलं जास्तीचं पाणी चर खणून बाहेर काढतोच ना? "ते खालच्याच्या रानात जातं. त्याचं भिजतं." माझ्या यादीतले सगळे मुद्दे संपले आणि त्यांनी तोवर अर्धा किलो शेंगा फोडून ठेवल्या. त्या दिवसांत त्या चिडलेल्या नव्हत्या, रुसलेल्या नव्हत्या. हसत होत्या, बोलत होत्या, फक्त त्या एका गोष्टीला नाही म्हणत होत्या. रात्री मला एवढंच म्हणाल्या, "मला मरायचं भ्या हाय, सूनबाई. नाय असं नाय. पर दोन वर्सं झाली, थेंब थेंब धरून ठेवतोय आपण. तोच हात आता ओतायला उठत नाय."

त्यानंतर टँकरचा दिवस आला. समोरच्या काकूंची टाकी फुटली होती, म्हणून त्यांच्या वाट्याचं पाणी आम्ही आमच्या टाकीत घेतलं. काकू म्हणाल्या, "पुढच्या खेपेला तुमचं मी भरते." आत्याबाई म्हणाल्या, "ही तर सावडच झाली." काकू पूर्वीपासून शहरातल्या, घरात वकिली आणि पंचांग. त्यांनी विचारलं, सावड म्हणजे काय. आत्याबाई खुशीत आल्या. खुरपणीच्या दिवसांत मजूर मिळत नाहीत, मग आज चार जणी माझ्या रानात येतात, उद्या आम्ही चौघी तिच्या रानात जातो. पैसा नाही, दिवसाला दिवस. ज्याच्या रानात काम, त्याच्याकडे जेवण.

"आणि एखादीला नाही जमलं तर?" काकूंनी विचारलं.

"तिची लेक येती. सून येती. दिवस भरला म्हंजे झालं, हात कुणाचाबी असू दे."

मी नळीचं तोंड धरून उभी होते. म्हटलं, "आत्याबाई, मग तुमचं रक्त सावडीनं काढू."

"ते कसं?"

"तुमची एक पिशवी टाकली की आमच्यातल्या एकाची एक पिशवी रक्तपेढीत. ती कुणाच्या तरी अंगात जाईल. दिवसाला दिवस."

त्या टाकी भरेपर्यंत विचार करत राहिल्या. मग म्हणाल्या, "आधी तुमचं, मग माझं. आधी काम करून घेऊन मग पळणारे लई बघितलेत."

"कबूल."

"अन पहिली तू."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रक्तपेढीत गेले, हात पुढं केला, बोट टोचून घेतलं. तिथल्या मुलीनं तो थेंब तपासला आणि म्हणाली, "मॅडम, तुमचं हिमोग्लोबिन कमी आहे. नाही घेता येणार."

घरी येऊन हे सांगायचं मला फार जड गेलं. आत्याबाईंनी ऐकून घेतलं. मग हसायला लागल्या. पदर तोंडाला लावून, भिंतीला टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "अगं, रक्त कमी तुझं! अन बीट चारत व्हतीस मला!" समोरच्या काकूंना हाक मारून बोलावलं. काकूही हसल्या. फ्रिजमध्ये तीन डाळिंबं उरली होती, ती त्यांनी माझ्यासमोर आणून ठेवली, शेजारी ती लाल बाटली. "सकाळ, दुपार, संध्याकाळ. तूच लिवलंय."

मला वाटलं, आता सगळं पुन्हा अडणार. पण त्यांनी पोराकडे पाहिलं. सुई पाहिली की त्याला घाम फुटतो, हे त्यांना माझ्यापेक्षा आधीपासून माहीत होतं. "सुनंचा दिवस लेक भरू शकतो," त्या म्हणाल्या. तो गेला. डोळे मिटून पडून राहिला, मिटल्या डोळ्यांनीच विचारत राहिला, झालं का, झालं का. परत आला तेव्हा दंडावरची पट्टी त्यानं शर्टाची बाही दुमडून सगळ्या गल्लीला दिसेल अशी ठेवली होती. त्याच दुपारी आत्याबाईंची पहिली पिशवी निघाली. पिशवी भरताना त्या तिच्याकडे नाही, छताकडे बघत होत्या. बाहेर आल्यावर पहिलं वाक्य, "डोकं हलकं झालं गं. पागोटं उतरवल्यावाणी."

पुढं एक अडचण होती आणि ती माझ्या कामाची होती. आत्याबाईंची पिशवी सुरुवातीला लवकर लवकर काढायची होती, आणि एका माणसाला पुन्हा रक्त द्यायला काही महिने थांबावं लागतं. म्हणजे माणसं हवी होती. मी यादी केली. कारखान्यातले दोघं-तिघं, समोरच्या काकूंचा जावई, नवऱ्याचे मित्र. एकदा तर तो पहिला टँकरवालाही आला. त्याचा मी विनाकारण पिच्छा पुरवला होता, तो कशासाठी, हे त्याला कळल्यावर म्हणाला, "भाभी, पानी पे शक किया, अब खून भी चेक कर लो." आत्याबाईंनी सावडीचा दुसरा नियम सोडला नाही. ज्याच्या रानात काम, त्याच्याकडे जेवण. जो कोणी रक्त देऊन येई, त्याला घरी बसवून गरम धपाटे, दही, शेंगदाण्याची चटणी. कारखान्यात बातमी पसरली. रक्तदानापेक्षा धपाट्यांची जास्त पसरली, असं मला वाटतं. नंतर नंतर माणसं मला स्वतःहून विचारायची, "मॅडम, आमचा नंबर कधी?"

हळूहळू रक्त ताळ्यावर आलं. कॅप्सूलनं मज्जा जरा शहाण्यासारखी वागू लागली, पिशव्यांमधलं अंतर वाढलं. रक्त पातळ ठेवायचं औषध सुरू झालं. दुर्बिणीची तपासणी पुन्हा झाली, एक-दोन शिरा परत बांधाव्या लागल्या, बाकी बसल्या होत्या. धोंडा पूर्ण गेला नाही, पण आता चार घास जातात. गालांचा रंग उतरला. समोरच्या काकूंना त्याचं वाईट वाटलं, आत्याबाईंना नाही. हा आजार मुळासकट जात नाही, सांभाळायचा असतो, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे. आत्याबाई आता गावीच असतात. नेमून दिलेल्या तारखेला लासूर स्टेशनवरून गाडीत बसतात आणि बरोबर गावातलं कुणी ना कुणी आणतात. कधी पुतण्या, कधी शेजारचा. "सावडीला आणलाय," एवढंच सांगतात.

माझा नंबर मात्र बरेच महिने लागला नाही. डाळिंबं खाल्ली, बीट खाल्लं, डॉक्टरांनी सांगितलेल्या गोळ्या घेतल्या. दर वेळी थेंब तपासून ती मुलगी मान हलवायची. आत्याबाई फोनवर रोज पहिला प्रश्न तोच विचारायच्या. स्वतःच्या रक्ताची चौकशी त्यांनी कधी एवढी केली नाही. त्यांचं म्हणणं, बाकीच्यांनी दिलं ते चांगलंच आहे, पण सावड मुळात आपल्या दोघींत ठरली, तिचा दिवस राहिलाय.

शेवटी एका तारखेला दोघींचं जुळलं. रक्तपेढी खालच्या मजल्यावर होती, त्यांची खोली वर. त्या वर जायला तयार नव्हत्या. आधी माझं. माझ्या कॉटशेजारी स्टूल ओढून बसल्या. मुलीनं बोट टोचलं, थेंब तपासला, हसली आणि म्हणाली, "चालेल." मी आडवी झाले. पिशवी हळूहळू भरायला लागली. आत्याबाई आपल्या पिशवीकडे कधी बघत नसत. माझ्या पिशवीवरून मात्र त्यांनी नजर हलवली नाही.

"आजी, तुम्ही ह्यांच्या कोण?" मुलीनं विचारलं.

"ह्यांच्या रानात येते म्या," आत्याबाई म्हणाल्या. ती मुलगी माझ्याकडे बघायला लागली.

"हे कुणाला जाणार?" त्यांनी विचारलं.

"सांगता येत नाही, आजी. ज्याला लागेल त्याला."

"बाईला जाऊ दे म्हणावं. बायकांचं लई कमी असतं." मग पिशवीला एक बोट लावून पाहिलं. "गरम हाय गं."

चिकटपट्टी लावून मी उठले. बिस्किटं आणि चहा दिला. त्यातलं एक बिस्किट त्यांनी मला खायला लावलं, दुसरंही लावलं. पुडा उरला तो माझ्या पर्समध्ये टाकला. मग उभ्या राहिल्या, नऊवारीचा काष्टा ठीक केला, चोळीची बाही दंडावर चढवली आणि लिफ्टकडे निघाल्या. वर डॉक्टरीणबाई दारातच भेटल्या.

"आजी, आज उशीर केलात?"

"उशीर सुनंचा हाय," आत्याबाई म्हणाल्या आणि कॉटवर आडव्या होऊन हात पुढं केला. "चला. काढा आता."